अशोक चौकातलं बिनबोर्डाचं फॉर्मचं दुकान: पाचातले चार तारे

दुकानाला नाव नाही. असलंच तर लाईट बिलावर असेल. शटरच्या कडेला फ्लेक्सचा एक तुकडा लटकतो, त्यावर ‘झेरॉक्स, स्कॅनिंग, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म’ एवढंच. सोलापूरच्या अशोक चौकातून आत बोळात शिरायचं आणि पिठाच्या गिरणीचा आवाज आला की समोर बघायचं. जून-जुलैत तर शोधावंही लागत नाही. प्लास्टिकची फाईल छातीशी धरलेली पोरं आणि त्यांच्या मागं घामाघूम झालेले आईबाप दिसले की समजा, हेच.

मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. आमचा सीझन आणि अॅडमिशनचा सीझन एकच. शाळा उघडायच्या आधीचे दोन-अडीच महिने आम्हाला जेवायला वेळ नसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पोरांचे निकाल, दाखले, फॉर्म. २०२५ साली माझ्या घरात दोन्ही टोकं एकदम आली. थोरली बारावी सायन्सला, धाकटा दहावीला. ५ मे ला तिचा निकाल, १३ मे ला त्याचा. दोघांचेही फॉर्म या एकाच दुकानात भरले, म्हणून दोन्हींचा अनुभव लिहितो. लांबलं तर माफ करा. मापं घेताना मला घाई जमत नाही.

आधी हे सांगतो की या दुकानात मी गेलोच का. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या भाच्याचा इंजिनिअरिंगचा फॉर्म दुसऱ्या एका नेट कॅफेत भरला होता. कुठल्या ते विचारू नका, त्या माणसाचंही पोट आहे. त्याने पोराचा मोबाईल नंबर विचारलाच नाही. स्वतःचा टाकला, ईमेलही स्वतःचाच, पासवर्डही त्याचाच. ‘तुम्ही काळजी करू नका, सगळं मी बघतो’ म्हणाला. फॉर्म बरोबर भरला होता, खोटं कशाला बोलू. पण सीट लागली त्या दिवशी हा गृहस्थ गाणगापूरला. फोन बंद. लॉगिन करायचं तर पासवर्ड त्याच्याकडे, पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच्या मोबाईलवर. तो परत आला तेव्हा सीट स्वीकारायची मुदत होऊन गेली होती. भाचा पुढच्या फेरीत कुठंतरी लागला, पण ती हातातली गेली ती गेलीच. बहीण अजून त्या रस्त्याने जात नाही.

म्हणून इथं पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पहिलं वाक्य तेच बोललो. “अण्णा, नंबर पोरीचाच टाकायचा.” अण्णा म्हणजे दुकानाचा मालक. वयाने माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, पण पूर्व भागात अण्णा म्हटल्यावर वय कोण बघतंय. तो हसला आणि काउंटरच्या काचेखालचा कागद दाखवला. स्केचपेनने लिहिलेलं होतं: ‘मोबाईल व ईमेल विद्यार्थ्याचाच. पासवर्ड आम्हाला सांगू नये, स्वतः टाईप करावा.’ एक तारा तिथंच दिला मी.

पण खरं दुकान कळलं ते एप्रिलात, फॉर्म भरायच्या कितीतरी आधी.

थोरलीचं इंजिनिअरिंगच्या सीईटीचं, म्हणजे प्रवेश परीक्षेचं, हॉलतिकीट काढायला गेलो होतो. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला लागत होतं. दोन पानांची प्रिंट, काम पाच मिनिटांचं. अण्णाने प्रिंट दिली आणि विचारलं, “मास्तर, एलसी आहे का जवळ? झेरॉक्स असली तरी चालेल.” हॉलतिकिटाला एलसी कशाला, मी म्हटलं. पण पोरीच्या फाईलमध्ये दहावीच्या दाखल्याची झेरॉक्स होती, ती दिली. त्याने नाव वाचलं नाही, जन्मतारीख वाचली नाही. बोट थेट एका रकान्यावर ठेवलं. जन्मस्थळ: इंडी, जि. विजापूर, राज्य कर्नाटक.

“डोमिसाईल काढलाव का?”

“कशाला? जन्मापासून इथंच आहे की पोरगी. पहिलीपासून सोलापुरातच शिकली.”

“ते तुम्हाला माहिती, मला माहिती. फॉर्मला माहिती नाही.”

मग त्याने समजावलं. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असेल आणि जन्मही महाराष्ट्रातला असेल, तर दाखल्यावरच्या जन्मस्थळावर काम भागतं. जन्म बाहेरच्या राज्यातला दिसला की अधिवास प्रमाणपत्र पाहिजेच. नाहीतर इथंच वाढलेली पोरगी महाराष्ट्राची आहे हे कागदावर सिद्धच होत नाही.

आता सोलापूरकरांनो, जरा आपापल्या घरात बघा. आपल्याकडे किती सुना इंडीच्या, विजापूरच्या, आळंदच्या, गुलबर्ग्याच्या! पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे निम्म्या पूर्व भागाची थोरली पोरं कागदोपत्री कर्नाटकात जन्मलेली. माझी बायको तिथंच उभी होती, ती कन्नडमध्ये अण्णाला म्हणाली की धाकट्याच्या वेळी सिव्हिलला नाव घातलं होतं ते बरं झालं. अण्णाही कन्नडमध्येच काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. मला त्यातलं अर्धंच कळलं.

त्या दिवशी त्याने फक्त प्रिंटचे दहा रुपये घेतले. एवढी माहिती फुकट.

दुसऱ्या दिवशी सेतूत. उत्तर सोलापूर तहसीलची गर्दी काय सांगू. तिथं बाहेर एका माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं की प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्पपेपर लागतो, माझ्याकडे आहे, घेऊन टाका. मी जवळजवळ घेतलाच होता. मग अण्णाला फोन लावला. तो म्हणाला, जात, उत्पन्न, अधिवास, नॉन क्रिमीलेअर, यातल्या कशालाच स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर स्वतः सही करून प्रतिज्ञापत्र द्यायचं. शासनाने ती फी माफ केलेली आहे. दाखल्यांचं प्रतिज्ञापत्र म्हटलं की लोक सवयीने स्टॅम्पपेपर घेतात आणि विकणाराही ‘नको’ म्हणत नाही. माझे ५०० वाचले. कारखान्यात मी ते आणखी आठ-दहा जणांना सांगितलं.

अधिवासाला आणि उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्यात पंधरा दिवसांची मुदत आहे. आमचं त्यात झालं. पण निकाल लागल्यावर सगळं सोलापूर सेतूत लोटतं, त्यामुळे ज्यांची पोरं पुढच्या वर्षी बारावीला आहेत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतच हे उरकावं. गर्दी नसते, चहा पिऊन दाखला घेऊन यायचं.

नॉन क्रिमीलेअरचं तर मी स्वतःच गाढव ठरलो. आम्ही ओबीसी, म्हणून राखीव जागेला उत्पन्न मर्यादेत असल्याचा हा दाखला लागतो. पोरगी अकरावीत गेली तेव्हा नॉन क्रिमीलेअर काढलेलं होतं, छान लॅमिनेशन करून कपाटात ठेवलेलं. मी मोठ्या ऐटीत ते काउंटरवर ठेवलं. अण्णाने खालची ओळ दाखवली: ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध. आम्ही गेलो एप्रिलात. म्हणजे ते तीन आठवड्यांपूर्वी वारलं होतं आणि आम्ही त्याला जिवंत समजून फिरवत होतो. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं पाहिजे. त्याला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, मी एकाच वर्षाचा दाखला काढलेला. परत तलाठी, परत सेतू. हे सगळं मे महिन्यात, डोक्यावर पाच हजार शर्टांची ऑर्डर असताना.

आणि हो, असे दाखले लॅमिनेट करू नका. अण्णा लॅमिनेशनचे पैसे घेतो तरी हे सांगतो. स्कॅन करताना चकाकी येते आणि शिक्का पांढरा पडतो.

जात पडताळणीचं मात्र आमचं आधीच झालं होतं, त्याचं श्रेय थोरलीच्या ज्युनिअर कॉलेजातल्या एका बाईंना. त्यांनी अकरावीतच पोरांच्या मागं लागून अर्ज करायला लावले. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. माझ्या वडिलांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा होता, १९५६ चा, शाईचा रंग जांभळा झालेला, पण अक्षर स्वच्छ. तो नसता तर आजोबांच्या मागं धावावं लागलं असतं. ज्यांची पडताळणी झालेली नाही, त्यांना पावती जोडून फॉर्म भरता येतो, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा जाते आणि पोरगं खुल्या गटात जातं. आमच्या गल्लीत एकाचं तसंच झालं. सीट लागली होती, आनंदाने पेढे वाटले होते.

आता प्रत्यक्ष फॉर्मकडे येतो.

नोंदणीच्या दिवशी अण्णाने पोरीला स्वतःच्या शेजारी स्टुलावर बसवलं आणि मला बाहेर. “मास्तर, तुम्ही गिऱ्हाईक नाही, ती आहे.” मला जरा लागलं, पण बरोबर होतं. प्रत्येक रकाना तो मोठ्याने वाचायचा, ती उत्तर द्यायची, मग तो टाईप करायचा. पासवर्डच्या वेळी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. असं मी बँकेतही बघितलेलं नाही.

तरी चूक झालीच. नॉन क्रिमीलेअरचा क्रमांक लांबलचक असतो, त्यातला एक आकडा त्याने उलटा टाकला. आम्ही ई-स्क्रुटिनी निवडली होती, म्हणजे घरबसल्या कागद तपासले जातात. दुसरा मार्ग सुविधा केंद्रात मूळ कागद घेऊन जाण्याचा. तिसऱ्या दिवशी पोरीच्या मोबाईलवर मेसेज आला की फॉर्म दुरुस्तीसाठी परत पाठवला आहे. तासाभरात आम्ही दुकानात. अण्णाने स्वतःच्या कपाळावर हात मारला, दुरुस्त केलं, पुन्हा पाठवलं, पैसे घेतले नाहीत. चूक त्याची होती, मान्य. पण मेसेज आमच्याकडे आला म्हणून तासाभरात कळलं. हाच मेसेज भाच्याच्या वेळी गाणगापूरला वाजला असता.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की त्यातली आपली माहिती रकाना-रकाना बघा, हेही त्यानेच सांगितलं. गट, होम युनिव्हर्सिटी, गुण. हरकत नोंदवायला दोन-तीन दिवसच मिळतात. अंतिम यादी लागल्यावर कोणी ऐकत नाही.

होम युनिव्हर्सिटीवरून आठवलं. सोलापूरचं विद्यापीठ २००४ साली झालं आणि ते एका जिल्ह्यापुरतंच आहे. इथल्या बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या पोरांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. आणि होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून केली त्यावरून, घर कुठं आहे त्यावरून नाही. आमचा भाचा लातूर पॅटर्नच्या नादाने दोन वर्षं लातूरला होता. त्यामुळे त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची झाली. घर साखर पेठेत आणि सोलापूरच्या कॉलेजांत हा बाहेरचा! लातूरला पाठवू नका असं मी म्हणत नाही. पाठवताना हे माहिती असू द्या.

कटऑफचे कागद वाचायला अण्णाने ज्या पद्धतीने शिकवलं ते मला फार आवडलं, कारण ते आमच्या कापडाच्या गठ्ठ्यावरच्या खुणांसारखंच आहे. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीचे कटऑफ असतात, त्यात ‘जीओपीईएनएच’, ‘एलओबीसीएच’, ‘जीओबीसीओ’ असले शब्द. बघितलं की डोकं फिरतं. त्याने लाल पेन्सिलीने तीन तुकडे केले. पहिलं अक्षर: जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधलं: ओपन, ओबीसी, एससी, जो गट असेल तो. शेवटचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळीवरची. म्हणजे थोरलीने आधी बघायचं ‘एलओबीसीएच’. पोरीने घरी येऊन वहीत तक्ता केला, एका बाजूला कॉलेज, दुसऱ्या बाजूला ती एक ओळ. शंभर पानांचा पसारा दीड पानात आला.

तिथंच एक काका भांडत होते की पोराला सीईटीत ८८ पडलेत आणि शेजारणीच्या पोरीला ८४, तरी तिला बारावीत जास्त कसे. अण्णाने शांतपणे सांगितलं की हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे. ८८ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातले ८८ त्याच्याइतके किंवा त्याच्या खाली. २०० पैकी किती मार्क पडले त्याच्याशी त्याचा थेट हिशोब नाही. काकांना पटलं असं वाटलं नाही.

आता जिथं मी एक तारा कापला तिथं येतो.

पर्यायांची यादी, म्हणजे ऑप्शन फॉर्म. २०२५ ला नियम बदलला, फेऱ्या चार केल्या, आणि मोठी गोष्ट ही की पहिल्या फेरीत पहिल्या नंबरची पसंती लागली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही लागलं तर ते, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी काही लागलं तर ते. मग पुढच्या फेरीला वाट नाही. त्यामुळे वरच्या सहा जागांवर काय लिहायचं हे चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. पूर्वीसारखं ‘वर काहीही टाक, नंतर बघू’ चालत नाही.

अण्णाने हा नियम उत्तम समजावला. आणि मग स्वतःच घोळ घातला. म्हणाला, “वर कॉम्प्युटर आणि एआयच टाका सगळीकडचं, लोक तेच टाकतात, बाकीच्याला स्कोप नाही.” पोरीला इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे होतं. तिला लहानपणापासून रेडिओ उघडून बसायची सवय, घरातला मिक्सर तिने दोनदा दुरुस्त केलाय, एकदा बिघडवलाय. ती काही बोलली नाही, मान डोलावली. मी बाहेर बसून ऐकत होतो. मला त्यातलं कळत नाही, पण एवढं कळतं की गिऱ्हाईकाला पँट पाहिजे असताना शिंप्याने ‘सगळे जीन्स घालतात’ म्हणून जीन्स कापू नये. मी आत गेलो आणि म्हटलं, अण्णा, यादी आम्ही घरून लिहून आणतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर कडक भाकरीचा डबा बाजूला सारून पोरीने जमिनीवर कागद पसरले. आधी ज्या कॉलेजात ज्या ब्रँचला जायला तिला खरंच आवडेल ते वर, मग उतरत्या क्रमाने. मिळण्याची शक्यता बघून क्रम लावायचा नाही, ती बाजू यंत्र बघतं. आवडीचं वर ठेवल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. यादीत एक अशी जागा होती की लागली तर जायचंच नाही, आईने ‘असू दे’ म्हणून ठेवलेली. ती खोडली.

दुसऱ्या दिवशी अण्णाने ती यादी बघितली, एक भुवई वर केली आणि जशीच्या तशी भरली. हे त्याचं मोठेपण. दुसऱ्या फेरीत तिची दोन नंबरची पसंती लागली. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. पहिल्या तीनमधलं, म्हणजे घ्यायचंच, आणि घ्यायचंच होतं.

अण्णासारखी माणसं कागदाला पक्की असतात, पण पोराच्या आवडीचा सल्ला त्यांच्याकडून घेऊ नका. दिवसाला शंभर फॉर्म भरणाऱ्या माणसाला शंभर पोरं सारखीच दिसायला लागतात.

फीबद्दल. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आधी निम्मी होती. पण प्रवेश कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. हे अण्णाने मला तीनदा सांगितलं, कारण त्याच आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन येत होता, ‘सर, पुण्यात डायरेक्ट सीट आहे, आजच पाच हजार भरा’. ती सीट घेतली असती तर माफीही गेली असती. शिक्षण फी माफ म्हणजे सगळं माफ नाही, डेव्हलपमेंट फी, इतर फी भरावी लागते, तेवढे पैसे हाताशी ठेवा. आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो, पहिल्या वर्षी केला म्हणजे चारही वर्षांचं झालं असं नाही. बँक खातं विद्यार्थ्याच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं. खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का तेही बघा. आमच्या आधारवर पोरीच्या नावात एक वेलांटी पहिली, दुसरीकडे दुसरी. त्या वेलांटीने दोन चकरा खाल्ल्या.

मुलगा असो की मुलगी, टीएफडब्ल्यूएस नावाची एक सोय आहे, तिची माहिती फार कमी लोकांना असते. प्रत्येक ब्रँचला ५ टक्के जादा जागा, उत्पन्न आठ लाखांच्या आत, शिक्षण फी माफ, जातीची अट नाही. पर्याय भरताना त्या कोडच्या शेवटी ‘टी’ असतो. कटऑफ वर जातो आणि नंतर ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

विडी कामगारांच्या पोरांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला वर्षाला २५,०००. आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. मात्र दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही, म्हणून आधी हिशोब करून एकच धरा. आमच्या घरी विडी नाही, पण रांगेत पुढे उभ्या असलेल्या मावशींना अण्णाने हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तीस वर्षं विड्या वळल्या, कुणी सांगितलं नाही ओ.” त्यांचं कार्ड पदराच्या गाठीत होतं, घामाने मऊ झालेलं. अण्णाने ते टिपकागदासारखं दोन बोटांत धरून स्कॅन केलं.

धाकट्याचं पटकन सांगतो. २०२५ पासून अकरावीही सगळ्या राज्यात ऑनलाइन. नोंदणी १०० रुपये, कॉलेजं कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. इथंही पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की घ्यायचंच, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्याने मित्र जिथं जाणार तीच दहा लिहिली होती, संगमेश्वर, दयानंद वगैरे. क्रम मात्र मित्रांच्या घरांच्या अंतरावरून लावलेला. मी बोललो नाही. कॉमर्सच आहे, आणि सायकलवर जाईल.

आता दुकानाच्या तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर लोक म्हणतील पाहुणा आहे.

पावती देत नाही. कॅपच्या फॉर्मचे २००, अकरावीचे १००, स्कॅनचे पानाला ५, हे सगळं तोंडी. वाजवी आहे, पण लिहून दे की बाबा. टोकन नाही, रांग म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची. बाहेरच्या बाकावर दुपारी बारानंतर ऊन येतं, मी एकदा कारखान्यातला जुना कापडाचा तागा आणून वर बांधून दिला, तो वाऱ्याने गेला. दीड ते तीन शटर अर्धं खाली, मग तुमची शेवटची तारीख असली तरी. आणि शेवटच्या तारखेला इथं जाऊच नका. त्या दिवशी साइट गोल गोल फिरत बसते, अण्णाचा पारा चढतो आणि त्याच्या तोंडून पोरांसमोर नको ते निघतं. स्कॅनरही जुना आहे, निळ्या शाईतली सही फिकट येते, तेवढी काळ्या पेनने करून न्या.

आमच्याकडून कागदपत्रांची पीडीएफ मात्र त्याने पोरीच्या ईमेलवर पाठवली आणि समोरच आपल्या कॉम्प्युटरवरून पुसली. मी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट खरं तर वरच लिहायला पाहिजे होती. ऑगस्टमध्ये मी गणवेशाच्या उरलेल्या खाकी कापडाची एक पिशवी शिवली, आत सहा कप्पे, वर फ्लॅप आणि बटण, मूळ कागद एकीकडे आणि झेरॉक्स दुसरीकडे राहतील अशी. बायकोने काज-बटण केलं. पोरगी ती घेऊन दुकानात गेली तर अण्णाने हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि विचारलं, मास्तर, अशा वीस शिवून द्याल का. आता त्या पिशव्या त्याच्या काउंटरवर टांगलेल्या असतात, ६० रुपयांना, त्यातले ४५ माझे. तेव्हा हे चार तारे वाचताना तेवढं धरून चाला. पिशवी घ्यायची सक्ती नाही, पण घेतलीत तर कप्प्यांची शिवण ओढून बघा, दुहेरी आहे. कुठं उसवली तर दुकानात ठेवून जावा, मी गुरुवारी संध्याकाळी येतो.